बाथरूममधला पसारा आवरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटात विसरलेली वस्तू वर्षभरानंतरही बहुधा तशीच सापडते. बाथरूममध्ये विसरलेली वस्तू मात्र चिकट होते, गंजते, बुरसते आणि शेजारच्या वस्तूलाही बिघडवते. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत दिसण्याचा विचार मागे आहे आणि कोरडेपणाचा पुढे. ओलाव्याचा बंदोबस्त झाला की अर्धा पसारा आपोआप मिटतो, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात कुठून करू? दार उघडलं की बघूनच दम लागतो.

सगळं बाहेर काढा. बाथरूममध्येच बसून एकेक बाटली उचलून ठेवत गेलात, तर वस्तूंच्या फक्त जागा बदलतील. बाहेरच्या खोलीत जुनी चादर अंथरा आणि तिच्यावर प्रत्येक वस्तू आणून ठेवा. आरशामागची, गिझरवर ठेवलेली, खिडकीच्या कट्ट्यावरची, दारामागे लटकणारी, सगळी. बाहेरच्या उजेडात वस्तू खऱ्या दिसतात. अर्धवट वापरलेल्या शाम्पूच्या तीन बाटल्या, दात वाकलेला कंगवा आणि तळाला गंजाचं कडं धरलेला फोमचा डबा एकाच वेळी समोर आले की निर्णय घेणं सोपं जातं.

खोली रिकामी आहे तोवर भिंती, कोपरे आणि फळ्या घासून घ्या. एरवी बाटल्यांच्या आड राहणाऱ्या जागेपर्यंत हात पोहोचतो तो याच दिवशी. मग सगळं नीट वाळू द्या. ओल्या फळीवर वस्तू परत मांडल्यात तर तळाशी पुन्हा तोच चिकटा धरेल.

एवढा वेळ नसेल तर एकच काम करा: फरशी मोकळी करा. बादली आणि मग सोडून जमिनीवर काहीही राहू देऊ नका. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण फरक सगळ्यात मोठा पडतो. पाणी अडत नाही, पाय घसरत नाही आणि रोज फरशीवरून वायपर फिरवणं शक्य होतं.

कुठली वस्तू बाथरूममध्ये ठेवायची आणि कुठली नाही, हे ठरवायचं कसं?

मी दोनच गोष्टी बघते. ही वस्तू आठवड्यातून एकदा तरी इथेच वापरली जाते का? आणि वाफ लागली, पाणी उडालं, तर ती बिघडते का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल तर ती वस्तू बाथरूमची. बाकी सगळं बाहेर.

या दोन प्रश्नांनी बरंच काही निकालात निघतं. जादा साबण, टूथपेस्टचा साठा, धुतलेले टॉवेल आणि सॅनिटरी पॅडची न उघडलेली पाकिटं कोरड्या कपाटात जातात, लागतील तशी एकेक आत येतात. अत्तर उष्णतेने आणि उजेडाने उतरतं, त्यामुळे त्याची जागा बेडरूमच्या कपाटात. दागिने, घड्याळ, बॅटरीचे सेल, केस वाळवायचं यंत्र यांचंही बाथरूममध्ये काही काम नाही. विजेचं उपकरण पाण्याजवळ ठेवणं तर सरळ धोक्याचं आहे.

पुष्कळ बाटल्यांवर मुदतीची तारीखच सापडत नाही. मग जुनं झालं हे ओळखायचं कसं?

बाटलीच्या मागे किंवा तळाशी झाकण उघडलेल्या डबीचं एक बारीकसं चित्र असतं. त्यावर ६, १२ किंवा २४ असा आकडा आणि पुढे ‘एम’ हे इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरायची, असा त्याचा अर्थ. उघडल्याची तारीख कोणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून झाकण उघडाल त्या दिवशी पक्क्या शाईच्या पेनाने बाटलीवर महिना आणि वर्ष लिहा. ही सवय लागली की पुढचं आवरणं निम्म्यावर येतं.

डोळ्यांच्या वस्तूंबाबत कडक राहा. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा, कारण ब्रश प्रत्येक वेळी पापण्यांवरचे जंतू आत घेऊन जातो. कॉन्टॅक्ट लेन्सची डबी दर तीन महिन्यांनी बदलायची आणि नळाच्या पाण्याने कधीच धुवायची नाही. नळाच्या पाण्यात अ‍ॅकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्याच्यामुळे बुबुळाला फार गंभीर संसर्ग होतो. सनस्क्रीनची छापील मुदत उलटली असेल, किंवा ते उष्णतेत पडून पातळ-घट्ट असे थर झाले असतील, तर ते टाका. भरवशाचं न राहिलेलं सनस्क्रीन लावून उन्हात जाण्यापेक्षा टोपी आणि पूर्ण बाह्या बऱ्या.

वास बदलला, रंग बदलला किंवा पाणी वेगळं सुटलं, तर तारीख बघत बसू नका.

आणखी एक सवय सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं: शाम्पू संपत आला की बाटलीत पाणी घालून तो दिवसेंदिवस पुरवणं. पाणी घातल्याने त्यातलं टिकाऊपणाचं द्रव्य पातळ होतं आणि जंतूंना वाव मिळतो. पाणी घालायचंच तर त्याच दिवशी वापरून बाटली संपवा.

औषधं आरशामागच्या कपाटातच ठेवतो. चालेल ना?

नाही. त्या कपाटाला औषधांचं कपाट म्हणायची सवय पडली आहे, पण औषधांसाठी घरातली ती जवळजवळ सगळ्यात वाईट जागा आहे. गरम पाण्याने आंघोळ झाली की तिथली हवा दमट आणि ऊबदार होते, थोड्या वेळाने थंड होते, आणि रोज हेच चालतं. गोळ्या हा ओलावा शोषतात. अ‍ॅस्पिरिनचं उदाहरण घ्या. ओलाव्याने तिचं सॅलिसिलिक आम्ल आणि अ‍ॅसिटिक आम्ल यांत विघटन होतं. अ‍ॅसिटिक आम्ल म्हणजेच व्हिनेगरमधलं आम्ल, म्हणून जुन्या बाटलीचं झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती गोळी घेऊ नये. रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांनाही दमटपणा सोसत नाही. त्या चुकीचा आकडा दाखवू शकतात आणि त्या आकड्यावर कोणीतरी औषधाचं प्रमाण ठरवत असतं.

औषधं बेडरूममध्ये, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, थंड आणि कोरड्या खणात ठेवा. गोळ्या मूळ पाकिटातच असू द्या, कारण नाव, मात्रा आणि मुदत त्याच्यावरच असते.

मुदत संपलेली औषधं शक्यतो औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात परत घेण्याची सोय असेल तिथे द्या. ती सोय नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून माती किंवा वापरलेल्या कॉफीचा चोथा अशा कोणी हात लावणार नाही अशा गोष्टीत मिसळा, पिशवीत घट्ट बांधा आणि कचऱ्यात टाका. औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट सांगितलं असेल तरच ते कमोडमध्ये टाकायचं, एरवी नाही. सुया आणि इंजेक्शनच्या पिचकाऱ्या मात्र कधीही मोकळ्या टाकू नका. जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून द्या. कचरा उचलणाऱ्याचे हात त्यावर पडणार असतात.

टूथब्रश झाकून ठेवावा की उघडा?

उघडा, उभा आणि दुसऱ्या ब्रशला न टेकलेला. बंद टोपीत तो वाळत नाही, आणि ओल्या ब्रशवर जंतू जास्त वाढतात. टोपी प्रवासापुरती. कमोड त्याच खोलीत असेल तर ब्रशचा स्टँड त्याच्यापासून शक्य तितका लांब ठेवा आणि फ्लश करण्याआधी झाकण पाडा. ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलावा, तंतू फाकले असतील तर त्याआधीच. स्टँडच्या तळाशी साचणारं पांढरट पाणी बहुतेक घरांत कोणी बघतच नाही. तो आठवड्याला धुवा.

स्पंज, लूफा, वज्री आणि रेझर यांचं काय?

नैसर्गिक लूफा तीन-चार आठवडे, प्लास्टिकच्या जाळीचा साधारण दोन महिने. दोन्ही वापरानंतर पिळून वाऱ्याला टांगा. वज्री दगडाची असेल तर ती उन्हात वाळवा. रेझरचं पातं पाच ते सात वेळा वापरल्यावर बदलायचं आणि रेझर शॉवरखाली पडू द्यायचा नाही. गंजलेलं किंवा बोथट पातं त्वचा ओरबाडतं.

सगळे शाम्पू, साबण एकसारख्या सुंदर बाटल्यांत ओतून ठेवावेत का?

दिसायला छान असतं, पण त्यासोबत येणारी जबाबदारी कबूल असेल तरच करा. बाटली अर्धी रिकामी झाली की वरून नवं ओतायचं, अशी चूक सर्रास होते. तळाशी जुना साबण राहतो, त्यात जंतू वाढू शकतात आणि प्रत्येक नव्या भरणीत ते उतरतात. बाटली पूर्ण संपवा, गरम पाण्याने धुवा, पालथी घालून खडखडीत वाळवा आणि मगच भरा. मूळ बाटलीवरचं नाव, घटक आणि मुदत चिठ्ठीवर लिहून नव्या बाटलीला चिकटवा, म्हणजे कोणाला पुरळ उठलं तर कशाने ते शोधता येईल.

साफसफाईची रसायनं दुसऱ्या बाटलीत कधीही ओतू नका. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच नाही.

साफसफाईच्या बाटल्या बाथरूममध्येच असतात. त्यांची मांडणी कशी करू?

आधी त्यांची संख्या कमी करा. एका साध्या बाथरूमला कमोडसाठी एक, फरशी-टाइल्ससाठी एक आणि क्षारांच्या डागांसाठी सायट्रिक आम्ल किंवा पांढरं व्हिनेगर, एवढं पुरतं. बाटल्या जितक्या जास्त, तितकी चुकीच्या दोन एकत्र येण्याची शक्यता जास्त.

ही चूक जिवावर बेतू शकते. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. कमोडच्या बऱ्याच क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरमध्ये ब्लीच मिसळलं तर क्लोरामाइनचे वायू निघतात. बंद, लहान बाथरूममध्ये डोळे आणि छाती भाजून निघायला थोडासा वायूही पुरतो. व्हिनेगर हेसुद्धा आम्लच आहे, तेव्हा ‘नैसर्गिक’ समजून तेही ब्लीचसोबत वापरू नका. चुकून मिसळलंच तर पुसत बसू नका. लगेच बाहेर या, मोकळ्या हवेत थांबा आणि श्वासाला त्रास होत असेल तर वैद्यकीय मदत घ्या.

म्हणून ब्लीच आणि आम्ल वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, बाटल्या उभ्या आणि झाकणं घट्ट. आम्लाचं झाकण सैल राहिलं की त्याच्या वाफेने जवळपासचे नळ, हुक, कात्री सगळं हळूहळू गंजतं. ‘चांगल्या स्टीलचा रॅक घेतला तरी गंजला’ ही तक्रार ऐकली की मी आधी शेजारची बाटली बघायला सांगते. ब्लीच उष्णतेने आणि उजेडाने कमजोर पडतं, त्यामुळे वर्षानुवर्षं साठवलेली बाटली तिचं काम करत नाही.

बॉडी स्प्रे आणि शेव्हिंग फोमच्या दाबाच्या डब्यांवर ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं. ते गिझरवर ठेवायचे नाहीत. नेलपेंट काढायचं अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं, म्हणून बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर ते तिथे नकोच. आणि गॅस गिझर असलेल्या बाथरूमचा झरोका बाटल्यांनी, डब्यांनी कधीच अडवू नका. हवा खेळली नाही तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही.

बाथरूम अगदी लहान आहे, घर भाड्याचं आहे, भिंतीला भोक पाडता येत नाही. काय करू?

दाराची मागची बाजू वापरा. दाराच्या वरच्या कडेवर अडकणारे हुक कुठलीही तोडफोड न करता पाच-सहा वस्तू धरतात. दोन भिंतींमध्ये दाबून बसणारी स्प्रिंगची दांडी कोपऱ्यात लावली की तिच्यावर जाळीच्या टोपल्या टांगता येतात.

चिकटणारे हुक निसटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हुकात नसून टाइलवर असतं. टाइलवर साबणाचा अदृश्य थर बसलेला असतो. ती जागा स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, हुक दाबून बसवा आणि निदान २४ तास त्याच्यावर वजन देऊ नका, पाणीही उडू देऊ नका. हवेच्या दाबावर चिकटणाऱ्या रबरी वाट्या गुळगुळीत टाइलवरच टिकतात. खडबडीत टाइल किंवा मधल्या सांध्यावर त्या राहणारच नाहीत.

भिंत तुमची असेल आणि भोक पाडणार असाल, तर नळाच्या आणि शॉवरच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका. पाइप साधारण त्याच रेषेत आत असतात.

रॅक आणि टोपल्या कसल्या घ्याव्यात?

आवरण्याआधी काहीच घेऊ नका. आधी वस्तू कमी करा, उरलेल्या मोजा, जागेची लांबी-रुंदी घ्या आणि मग बघा. आधी डबे आणले की ते भरण्यासाठी वस्तू राखल्या जातात.

घेताना तळ बघा. भोकं किंवा जाळी नसलेली टोपली म्हणजे पाणी साचण्याचं भांडं. स्टील घ्यायचं तर ३०४ दर्जाचं आहे का ते विचारा. २०२ स्वस्त पडतं, पण त्यात निकेल कमी असतं आणि दमट जागी ते लवकर डागाळतं. प्लायवूड कडेने फुगतं. बांबू सुंदर दिसतो, पण हवा खेळत नसेल तर काळा पडतो. चांगलं जाड प्लास्टिक या जागेला अजिबात कमी दर्जाचं नाही.

बेसिनखालच्या कपाटात काय ठेवावं?

गळती झाली तरी बिघडणार नाही असंच. सगळं एका ओढता येणाऱ्या खोक्यात ठेवा, म्हणजे पाइप बघायचा असेल तर एका हाताने जागा मोकळी होते. पाणी बंद करायची चावी नेहमी दिसली पाहिजे. नळ तुटला तर ती सापडेपर्यंत घरभर पाणी झालेलं असतं. खोक्याखाली एक कोरा कागद घाला. कागदावर डाग दिसला की गळती सुरू झाली हे लवकर कळतं.

पाच माणसं आणि एकच बाथरूम. कितीही आवरलं तरी दोन दिवसांत परत तेच.

तिथे फळ्यांची वाटणी टिकत नाही. टिकते ती प्रत्येकाची स्वतःची जाळीची टोपली. तिच्यात आपला साबण, फेसवॉश, रेझर ठेवायचा, आंघोळीला जाताना ती घेऊन जायचं आणि परत येताना आपल्या खोलीत आणायची. सामाईक वस्तू, म्हणजे हात धुवायचा साबण आणि सगळे वापरतात तो शाम्पू, तेवढ्याच आत राहतील. एका प्रकारची एकच उघडी बाटली, दुसरी पहिली संपल्यावर, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. दुसऱ्याच्या वस्तू त्याला न विचारता टाकू नका. एकदा तसं झालं की तो माणूस पुढच्या वेळी आवरायला येत नाही, आणि त्याचं चूक नसतं.

घरात लहान मूल आणि आजी-आजोबा दोघंही आहेत. कशाकडे जास्त लक्ष द्यावं?

मुलांसाठी: बादली भरून ठेवू नका. रांगणारं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकतं, कारण डोकं जड असतं आणि तोंडावर पडलेल्या मुलाला उठता येत नाही. वापर झाला की बादली रिकामी आणि पालथी, कमोडचं झाकण खाली, दार बंद. रसायनं आणि रेझर मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, कुलपात असतील तर उत्तम.

मोठ्यांसाठी: माझ्या सासूबाई एकदा आंघोळ करताना घसरत्या साबणाकडे वाकल्या आणि तोल सावरायला त्यांनी टॉवेलची दांडी धरली. दांडी भिंतीतून सुटून हातात आली. नशिबाने खांद्याला मुका मार लागण्यावर निभावलं. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलायला बनवलेलीच नसते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि आमच्याकडे आवरण्याची खरी सुरुवात तिथून झाली. कमोडजवळ आणि शॉवरजवळ आधाराचा दांडा भिंतीत पक्का बसवून घ्या. रोजच्या वस्तू कंबर ते खांदा या उंचीत आणा, म्हणजे वाकायला आणि हात ताणायला नको. साबणाच्या वडीऐवजी पंपाची बाटली द्या, ती हातातून निसटत नाही. पायपुसण्याची खालची बाजू रबरी असावी. झिजली असेल तर ते पायपुसणं आजच काढून टाका.

ओले टॉवेल कुठे ठेवायचे?

उलगडून, दांडीवर, शक्यतो बाथरूमच्या बाहेर. हुकावर घडीत लोंबणारा टॉवेल मधून ओलाच राहतो. तीन-चार वापरांनंतर धुवा.

सगळं आवरलं, घासलं, तरी कुबट वास येतोच. का?

दोन ठिकाणं बघा. पहिलं म्हणजे फरशीवरची पाणी वाहून जायची, क्वचित वापरातली जाळी. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी साचून राहतं आणि तेच गटाराची हवा वर येऊ देत नाही. पाहुण्यांचं बाथरूम महिनाभर बंद राहिलं की ते पाणी आटतं. त्यात मगभर पाणी ओता, वास थांबतो.

दुसरं म्हणजे न वाळणारी हवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशीला सोयीचं होतं, आणि भिजलेल्या कापडावर किंवा पुठ्ठ्यावर ती २४ ते ४८ तासांत धरू शकते. आंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा वीसेक मिनिटं चालू ठेवा, दार किंचित उघडं ठेवा, भिंतीवरून आणि फरशीवरून वायपर फिरवा. शेवटी आंघोळ करणाऱ्याने वायपर मारायचा, एवढा एक नियम आमच्या घरात भांडण न होता टिकला आहे.

परत पसारा होऊ नये म्हणून किती वेळा आवरायला लागेल?

सगळं बाहेर काढून आवरणं वर्षातून दोनदा पुरतं. दरम्यान महिन्यातून एकदा, फरशी घासायच्या दिवशी, रिकाम्या बाटल्या आणि संपत आलेल्या ट्यूब काढा. साबणाची डबी, ब्रशचा स्टँड आणि टोपल्या त्याच दिवशी धुऊन उन्हात ठेवा. त्या वाळेपर्यंत फळ्या रिकाम्याच असतात, तेवढ्यात कुठल्या वस्तूची कोणाला आठवण आली नाही ते बघा. ती वस्तू परत आत ठेवू नका.